शपथेवर लिहिलेली बहीण

“नवरदेव कोण? मी इतका वेळ काय विचारतोय, नवरदेव कोण आहे?”

विवाह नोंदणीच्या खिडकीतून सोनवणे ओरडत होता. या कारकुनाचा आवाज असा, की तो शिंकला तर समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधून कोरा कागद आपोआप बाहेर येतो. मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली माझ्या टेबलाशी बसलो होतो. हातातला चहा लेंग्यावर सांडला. वाटलं, कुणीतरी नवरदेव ऐन वेळी पळाला. वर्षातून दोनदा तरी एखादा पळतोच. चष्मा चढवला आणि बघायला आत गेलो.

खिडकीसमोर दोन बायका उभ्या होत्या. एक थोराड, हाडापेरानं मजबूत, भुवयांवर पीठ बसलेलं. दुसरी बारीक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात कागदांची पिशवी छातीशी धरलेली. दोघींचीही चाळिशी उलटलेली. मागं रांगेत दोन खरे नवरदेव बाशिंग न बांधता घाम पुसत उभे होते. थोराड बाई म्हणाली,

“नवरदेव नाय. आम्ही दोघीच आहोत.”

सोनवणे गप्प झाला. कामाच्या वेळेत तो गप्प झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मग त्यानं संगणकाचा पडदा हळूच त्यांच्याकडं फिरवला आणि बोट ठेवून दाखवलं. हा रकाना वराचा, हा वधूचा. वराच्या रकान्यात बाई टाकली की खाली लाल अक्षरं येतात आणि गाडी पुढं सरकत नाही. त्यानं दोनदा टाकून दाखवलं. “मी नाही म्हणत नाही बाई,” तो म्हणाला, “हे म्हणतंय.” एवढं बोलून त्यानं पुढच्याला हाक मारली. त्याचा आवाज पुन्हा होता तसा झाला.

दोघी बाहेर आल्या आणि मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं. आज वाटतं, त्या वेळी माझ्या तोंडात चहाऐवजी दगड असता तर बरं झालं असतं.

मी अर्जनवीस. म्हणजे ज्यांना सरकारशी बोलता येत नाही त्यांच्या वतीनं सरकारशी कागदावर बोलणारा माणूस. खरेदीखत, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, लग्नाची नोटीस, लग्न मोडल्याची नोटीस. लोक मला मुन्शीकाका म्हणतात. हा धंदा आमच्या रक्तातच आहे. आजोबांनी निजामाच्या अमदानीत उर्दूत असा एक अर्ज लिहिला होता, की तो वाचून तहसीलदार रडला, सारा माफ केला आणि जाताना स्वतःची घोडी दारात बांधून गेला. घोडी आम्ही कुणी बघितली नाही. अर्जही बघितला नाही. पण दाव्याचा खुंटा अजून आहे, कुणी आलं तर दाखवतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या धंद्यात अक्षर चांगलं लागतं. अक्षराचं काय घेऊन बसलात. समोर बसलेला साहेब कोणत्या शब्दाला अडतो आणि कोणत्या शब्दावरून त्याची नजर घसरत पुढं जाते, हे कळावं लागतं. अडणारा शब्द काढायचा, घसरणारा घालायचा. चाळीस वर्षं मी हेच केलं आणि त्याची मला घमेंड होती.

एक नमुना सांगतो. विठ्ठलराव म्हणून एक म्हातारे आले, सोबत त्यांची बायको. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालेली, नातवंडांची लग्नं झालेली, आणि पेन्शनच्या कचेरीनं विचारलं की तुमचं लग्न झाल्याचा पुरावा काय. पत्रिका नाही, फोटो नाही, लग्न लावणारा भटजी केव्हाच गेलेला. मी म्हटलं, चिंता नको. दोन साक्षीदार उभे केले. आम्ही या लग्नात हजर होतो आणि पंगतीत जेवलो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्यातला एक त्या लग्नानंतर नऊ वर्षांनी जन्मला होता. सोनवणेनं जन्मतारीख वाचली, माझ्याकडं बघितलं आणि कागद पुढं सरकवला. मग आजीला नवऱ्याचं नाव विचारलं. आजी काही केल्या नाव घेईना. तिच्या तोंडून ते कधी निघालंच नव्हतं. सोनवणे ओरडून थकला. शेवटी आजीनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, “खुलताबादच्या मारुतीला शनिवारी गर्दी फार, विठ्ठलरावांचं नाव घेते, साहेब, शिक्के मारा चार.” सगळी कचेरी टाळ्या वाजवत उठली. सोनवणेनं खरोखर चार शिक्के मारले. एकाची गरज होती.

दुसरा नमुना फळ्याचा. दोघांच्या जाती किंवा धर्म वेगळे असले, की बहुतेक जण विशेष विवाह कायद्याखाली येतात. त्यात आधी नोटीस द्यावी लागते. ती तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लागते, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्यानं यावं. पळून आलेल्या पोरापोरींचा सगळा जीव त्या फळ्यात अडकलेला असतो. फळ्याच्या काचेला कुलूप होतं. किल्ली शिपायाच्या कमरेला होती आणि शिपाई माझ्या चहाचा मिंधा होता. एका पोरीचा मामा तिला शोधत बिडकीनहून रोज यायचा. मी तिच्या नोटिशीवर मलेरियाचं परिपत्रक लावून ठेवलं. मामानं तीस दिवस मलेरियाची लक्षणं वाचली. एकतिसाव्या दिवशी भाचीचं लग्न लागलं आणि त्याच संध्याकाळी मामाला ताप भरला.

असली लग्नं मी किती लावली याचा हिशोब नाही. माझ्या टेबलावरून लग्नाचं माणूस कधी हात हलवत गेलं नाही, असं मी छातीवर हात मारून सांगायचो. म्हणून त्या दोघींना बोलावलं. घमेंडीनं बोलावलं.

थोराड होती ती संगीता. खुलताबादकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मुकुंदवाडीत पिठाची गिरणी चालवायची. तिचं हसणं गिरणीच्या पट्ट्यासारखं, एकदा सुरू झालं की थांबायला वेळ लागायचा. बारीक ती वैशाली. शहरातल्याच कारकुनी घरातली, बिडकीनच्या बाजूला एका कारखान्यात मालाची तपासणी करायची. तिच्या घरच्यांनी तिचं नाव टाकलं होतं, आता आईवडीलही नव्हते. गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत दोघींनी सतरा वर्षं संसार केला होता. दिल्लीच्या मोठ्या कोर्टात अशा जोड्यांच्या लग्नाचा खटला चालू आहे, हे टीव्हीवर बघून संगीतानं घाई केली होती. तिला वाटलं, खटला चालू आहे म्हणजे अर्ज घेत असतील.

मी वरातीची थट्टा केली. वैशाली हसली नाही.

“काका, आम्हाला वरात नको,” ती म्हणाली. “उद्या एक दवाखान्यात पडली तर दुसरीला आत सोडावं. कुणी विचारलं, ही कोण, तर दाखवायला कागद पाहिजे. एवढंच.”

एवढंच ना, म्हटलं मी. हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. लग्नाचा दाखला मिळत नसेल तर त्याच्या आजूबाजूची सगळी भिंत मी बांधून देतो. एकमेकींच्या नावानं मुखत्यारपत्र करू आणि जोडीला दवाखान्याच्या निर्णयाचं प्रतिज्ञापत्र.

आता माझी चूक नीट ऐका, कारण ती माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाच्याच हातून होते. नवशिक्यानं साधं लिहिलं असतं, की मी अमुक, माझ्या आजारपणात माझ्या वतीनं सगळे निर्णय घेण्याचा अधिकार तमुक हिला देते. संपलं. अधिकार द्यायला नातं लागत नाही. पण चाळीस वर्षांत मी नात्याशिवाय कागद लिहिलेला नव्हता. नाव, वय, धंदा, राहणार आणि नातं, या पाच गोष्टी माझा हात मला न विचारता लिहितो. नात्यापाशी हात थांबला. मैत्रीण लिहावं तर साहेब अडणार. दुसरं काही लिहावं तर नोटरी कागद फेकून देणार. मग हातानंच घसरणारा शब्द शोधला. मी लिहिलं, ‘मानलेली बहीण’.

आपल्याकडं या नात्याला केवढा मान आहे, तुम्हाला माहीत आहे. मानलेल्या बहिणीसाठी लोक सख्ख्या भावाशी भांडतात, राखीला दहा कोस चालत जातात. कोणता साहेब याला अडेल? मी स्वतःवर इतका खूश झालो, की ते वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शपथेवर सांगते की आम्ही दोघी एकमेकींच्या मानलेल्या बहिणी असून त्याच नात्यानं गेली सतरा वर्षं एकत्र राहतो.

“आम्ही बहिणी नाही, काका,” वैशाली म्हणाली.

“कागद खरा असून काय करायचंय,” मी म्हटलं. “तो चालला पाहिजे.”

संगीता खो खो हसली. म्हणाली, कर गं सही, पुढल्या राखीला मला भाऊ म्हणून ओवाळ. वैशालीनं पेन बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं. शाईचा एक ठिपका पडला, मग सही. नोटरीचे लाल शिक्के बसले. मी कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिले आणि म्हटलं, हे दाखवल्यावर यमाचा कारकूनही खुर्ची देईल.

काही महिन्यांनी दिल्लीचा निकाल आला. चहाच्या गाडीवर सगळ्यांनी आपापला निकाल आधीच दिलेला होता, त्यामुळं खऱ्या निकालाकडं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. कोर्टानं सांगितलं, असं लग्न मान्य करणं आमच्या हातात नाही, ते कायदा करणाऱ्यांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी दोघी टेबलाशी हजर. वैशालीनं बातमीची छापील प्रत आणली होती, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. तिला एका तरुण वकीलबाईंनी सांगितलं होतं की लग्नाचा विषय केंद्राच्या आणि राज्याच्या, दोघांच्याही यादीत आहे. आपल्या विधानसभेला आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करता येते, फक्त वरून राष्ट्रपतींची मान्यता लागते. रस्ता लांबचा आहे, पण आहे.

माझ्या अंगात वारं शिरलं. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. आपल्या शहराचं नाव बदललं तेव्हा किती महिने मी जुन्याच्या पुढं नवं आणि नव्याच्या पुढं जुनं लिहीत होतो, कुणाचं काही अडलं का? शहर बदलतं, जिल्हा बदलतो. इथं तर एका अर्जातले दोन शब्द बदलायचे आहेत. मी चार पानी निवेदन लिहिलं. घसरणारा एकही शब्द नाही. पहिल्यांदाच मी त्या दोघींचं जे नातं होतं ते लिहिलं: आम्ही दोघी जोडीदार म्हणून राहतो. शेवटी मागणी अशी, की ‘वर’ आणि ‘वधू’ यांच्या जागी ‘पहिली व्यक्ती’ आणि ‘दुसरी व्यक्ती’ असे शब्द घालावेत. माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला मसुदा तो. आजोबांच्या तहसीलदारानं वाचला असता तर घोडीबरोबर पागाही देऊन टाकली असती.

आमदारांच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. रांग नळाच्या पाण्याची होती. आमच्या पुढच्या बाईला नवव्या दिवशी पाणी आलं होतं आणि तेही गढूळ. आमदारांनी निवेदन पूर्ण वाचलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. वाचून चष्मा काढला आणि मला म्हणाले, “मुन्शीकाका, पाण्याचं असतं तर आत्ता फोन लावला असता. हे मी सभागृहात वाचलं तर पुढच्या खेपेला मला कुणी वाचणार नाही.” मग त्यांनी त्याच्यावर शिक्का मारून घेतला आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी मुंबईला पाठवून दिलं. बाहेर आल्यावर मी दोघींना म्हटलं, कागद पुढं गेला. जन्मभर हे वाक्य मी गिऱ्हाइकांना आनंदाची बातमी म्हणून सांगत आलो. पुढं गेलेला कागद आपल्यापासून लांबच गेलेला असतो, हे माझ्या तेव्हाही ध्यानात आलं नाही.

संगीतानं मात्र वाट बघायला सुरुवात केली. मी दळण घेऊन गेलो की पट्ट्याच्या आवाजावर ओरडून विचारायची, काका, झाला का कायदा? दळणाला आलेल्या बायकांना वाटायचं, पाणीपट्टीचं काहीतरी असेल. त्याही विचारायच्या, झाला का? मी म्हणायचो, होईल. अधिवेशन आलं की म्हणायचो, या अधिवेशनात होईल. किती अधिवेशनं गेली, विचारू नका. कागद कोणत्या मजल्यावर आहे ते मला इथून दिसतंय, अशा थाटात मी सांगत राहिलो. तिला खोटी आशा देण्यात मी पटाईत झालो होतो, कारण तिला ती लई आवडायची.

मग एका सकाळी गिरणीतच संगीता कोसळली. ज्वारीचं दळण चालू होतं. वैशालीनं शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला रिक्षात घातलं आणि जवळच्या मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. त्याचं नाव सांगत नाही, नाव दुसरं असतं तरी हेच झालं असतं. डोक्यात रक्तस्राव होता, ऑपरेशन ताबडतोब करायला पाहिजे होतं. वैशालीनं माझं प्लॅस्टिकचं पाकीट खिडकीत दिलं आणि मला फोन केला.

मी स्कूटरवरून पोहोचलो. डॉक्टर तरुण होते, उद्धट नव्हते. कागद हातात धरून उभे. मी सांगितलं, हा मी लिहिलाय, हा पक्का आहे, यावर सही घ्या आणि कामाला लागा. ते म्हणाले, “काका, अधिकार दिलाय ते बरोबर. पण यात तुम्हीच लिहिलंय, बहीण मानलेली आहे. म्हणजे सख्खं कुणीतरी असणार. उद्या त्यांनी विचारलं तर? तुम्ही नातं लिहिलंच नसतं, तर मी विचारलंही नसतं.”

वैशालीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती त्यांना म्हणाली, मी सतरा वर्षं तिच्याबरोबर राहते. आता एकोणीस झाली होती. घाईत तिनं कागदावरचाच आकडा सांगितला. ते म्हणाले, भावाला बोलवा.

संगीताचा भाऊ भगवान त्या दिवशी मोबाईल घरी ठेवून रानात गेला होता. त्याच्या बायकोनं माणूस पाठवला, माणसाला तो दुसऱ्याच शिवारात सापडला. खुलताबादहून शहर काही परमुलूख नाही, तासाभराची वाट, पण भगवान आला तेव्हा दुपार कलली होती. आला आणि दाखवल्या जागी सही केली. फॉर्मवर काय लिहिलंय तेही त्याला समजेना. वैशालीनंच त्याला वाचून दाखवलं. संगीताला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, डाव्या गुडघ्यात सळई कधी घातली, शेवटचं काय खाल्लं, सगळं वैशालीनं सांगितलं आणि ते भगवानच्या नावानं लिहिलं गेलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. अतिदक्षता विभागाचा पास एकच मिळतो. तो भगवानच्या बायकोला मिळाला.

वैशाली लिफ्टच्या शेजारच्या पायरीवर बसून राहिली. मी शब्दांचा एवढा मोठा व्यापारी, तिला चहा आणून दिला आणि शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता गेली. मग दार उघडलं आणि आता कुणीही आत जाऊन बघू शकतं, असं सांगितलं. आता पास लागत नव्हता. आदल्या सकाळीच ऑपरेशन झालं असतं तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला हो पाहिजे होतं की नाही, तेही मला सांगता येत नाही.

मुखत्यारपत्र देणारं माणूस मेलं की त्याच क्षणी मुखत्यारपत्रही मरतं. माझ्या टेबलावर हजारदा मी हे लोकांना समजावलंय, हसत हसत. भगवान म्हणाला, तायडीला गावी नेतो. वैशालीजवळ त्याला थांबवायला काहीच नव्हतं. ती फक्त म्हणाली, गिरणीवरून न्या. त्यानं गाडी गिरणीवरून नेली, हेही सांगायला पाहिजे. शटरसमोर मिनिटभर थांबवली. मग घाट चढून गाव.

मी वैशालीबरोबर वडापच्या जीपमधून गेलो. गावात बायकांनी संगीताला आंघोळ घातली, त्या वेळी मी पुरुषांत बाहेर बसलो होतो. ओसरीवरून ऐकू येत होतं. वैशालीचा आवाज आला, अगदी साधा, कामाचा. “कानामागं पीठ असतं तिच्या. तिथं नीट पुसा.” थोड्या वेळानं एक म्हातारी बाहेर आली, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ही कोण व्हय? मी म्हटलं, मानलेली बहीण. ती बरं म्हणाली आणि आत गेली. दोनच शब्दांत तिचं समाधान झालं. चालणारा शब्द होता तो.

बायका मसणात जात नाहीत. वैशाली वेशीपर्यंत आली आणि इतर बायकांबरोबर परत फिरली.

तेराव्याला तिला बोलावणं होतं, मलाही. जेवणं उरकत आली तेव्हा भगवाननं सगळ्या भाऊबंदांसमोर वैशालीला पाटावर बसवलं आणि तिच्या ओटीत साडी ठेवली. माणूस वाईट नाही तो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, तायडीची मानलेली बहीण म्हणजे माझी सख्खीच, हे घर तुमचं माहेर, भाऊबीजेला येत जा. चारचौघांनी माना हलवल्या. वैशालीनं साडी मांडीवर धरली आणि म्हणाली,

“दादा, मी तिची बहीण नव्हते.”

भगवान गडबडला नाही. त्यानं सदऱ्याच्या खिशातून दवाखान्यातला तो कागद काढला, लाल शिक्क्यांचा. दवाखान्यानं बाकीच्या कागदांबरोबर त्याच्याच हातात दिलेला, चांगला घडी करून ठेवलेला. तो तिला हळू आवाजात म्हणाला, “असं नका बोलू. शपथेवर लिहून दिलंय तुम्ही. तायडीची सही आहे.”

त्याला काही माहीत नव्हतं, असं मला वाटत नाही. एकोणीस वर्षं त्यानं गिरणीच्या वरच्या खोल्यांत वैशालीच्या हातची पोळी खाल्ली होती. पण गावाला उत्तर द्यायला त्याला एक शब्द पाहिजे होता आणि तो मी त्याला आयता दिला होता. वैशाली मात्र आता खरं बोलली, तर दोघींनी शपथेवर खोटं लिहिलं असं होत होतं, आणि त्यातली एक आपल्या बाजूनं बोलायला राहिली नव्हती. वैशालीनं वळून माझ्याकडं बघितलं. मी पंगतीत पाचवा होतो. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, की हे शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत, त्या नको म्हणत होत्या. कचेरीच्या फाटकावर सोनवणेच्या वरताण ओरडणारा मी. मी पानातल्या बुंदीकडं बघत राहिलो. वैशालीनं साडी पिशवीत घातली आणि सगळ्यांना नमस्कार करून निघाली.

टेबल मी त्याच महिन्यात बंद केलं. लोकांना सांगतो, डोळ्यांनी दिसत नाही.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मुंबईहून पत्र आलं, माझ्या पत्त्यावर, कारण निवेदनावर पत्रव्यवहाराचा पत्ता माझा होता. आपले निवेदन विभागास प्राप्त झाले असून प्रस्तावित दुरुस्तीची आवश्यकता अर्जदारांनी पंधरा दिवसांत सविस्तर कळवावी. आजवर माझ्या कुठल्याही निवेदनावर कुणी काही विचारलं नव्हतं. माझ्या अंगात ते जुनं वारं पुन्हा शिरलं. दुपारी उन्हातच मुकुंदवाडी गाठली. वाटेत चार पानांचं उत्तर मनात तयार झालं होतं. दवाखाना, पास, पायरी, सगळं जसंच्या तसं, या वेळी एकही शब्द न घसरवता.

वैशाली कारखाना सोडून गिरणीच चालवायला लागली होती. दोन दळणांच्या मधली वेळ होती, ती जात्याचा दगड घासत बसली होती. मी पत्र दिलं. तिनं हात पुसले आणि ते उभ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. मी बोलत होतो, किती बोलत होतो कुणास ठाऊक. म्हटलं, त्यांनी विचारलंय म्हणजे फाईल जिवंत आहे. म्हटलं, तुझ्यासाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी तरी. म्हटलं, पंधरा दिवसांतले सहा टपालातच गेले, आज लिहायला पाहिजे, सांग काय लिहू.

तिनं पत्राची घडी होती तशी घातली आणि माझ्या हातात दिली.

“लिहा, आता गरज नाही.”